चढावर बॉनेटखालून चिंचोके वाजल्यासारखा आवाज – हा नॉक आहे की प्री-इग्निशन?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. गाडी एक लिटरची टर्बो पेट्रोल, डायरेक्ट इंजेक्शन, मॅन्युअल गिअर. पुण्याहून साताऱ्याला येताना खंबाटकी चढतो, गाडीत पूर्ण माणसं, एसी चालू, पुढे लोडेड ट्रक असल्याने स्पीड पडलेला, आणि चौथ्यातच अ‍ॅक्सिलरेटर दाबला की पत्र्याच्या डब्यात चिंचोके घालून हलवावेत तसा आवाज येतो. पाय काढला की बंद. सपाट रस्त्यावर कधीच नाही. मध्यंतरी एकदोनदा तर एकच मोठा ठाक करून आवाज आला, पायाला जाणवला इतका.
सर्व्हिसला दाखवली तर म्हणे टर्बोत असं असतंच. पंपावरचा मुलगा म्हणतो ९५ ऑक्टेनचं टाका. चुलतभावाच्या मते सगळा ई२०चा, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा प्रताप. मला नेमकं कळून घ्यायचंय की हे नॉकिंग आहे का, प्री-इग्निशन म्हणतात ते हेच का, आणि असंच चालवत राहिलो तर इंजिनाचं काय होईल.

रानवाटा
आधी एक्झॉस्टवरचा हीट शील्डचा पत्रा हलतोय का बघा. तो सुटला की लोडवर अगदी असाच खुळखुळतो आणि माणूस उगाच इंजिन खोलायच्या गोष्टी करायला लागतो. गाडी गार असताना हात लावून हलवून बघा, फुकटात कळेल.

चहाबाज
शीर्षक वाचून पाककृतींचा धागा समजून आलो होतो :) आता आलोच आहे तर बसतो, माझी पण गाडी टर्बोच आहे.

पाना_बारा_तेरा
राव चौथ्यात खंबाटकी चढवायला कुणी सांगितलंय? गिअर पाडा की. मी कोल्हापुरात गॅरेज चालवतो, निम्म्या तक्रारी इथंच मिटतात. लोकांना वाटतं वरच्या गिअरला इंजिन आरामात असतं, अ‍ॅव्हरेज मिळतं. सपाटीला मिळतं की, पण चढाला चौदाशे-पंधराशे आरपीएमवर पाय पूर्ण दाबला तर इंजिन रडतंय. तिसरा टाका, पंचवीसशेच्या वर ठेवा, मग आवाज येतो का सांगा. आला तर प्लग काढून फोटो टाका.

कृष्णाकाठ
हीट शील्ड घट्ट आहे, हलवून बघितलं. तिसऱ्यात आवाज बराच कमी होतो पण पूर्ण जात नाही.

मिशिगनचा_मावळा
मी इकडे इंजिन कॅलिब्रेशनमध्ये काम करतो म्हणजे दिवसभर नॉकच ऐकतो, त्यामुळे जरा लांब लिहितोय.

प्लगची ठिणगी पडली की जाळ प्लगपासून सुरू होऊन सिलिंडरच्या भिंतीकडे पसरत जातो. हे जळणं आहे, स्फोट नव्हे. जाळ पुढे सरकतो तसं कडेचं न जळलेलं हवा-पेट्रोलचं मिश्रण दाबलं जातं आणि तापत जातं. जाळ तिथवर पोचायच्या आत ते आपणहून पेटलं तर तो नॉक. एकदम पेटल्यामुळे दाबाच्या लाटा उठतात, सिलिंडरभर आपटतात, कारच्या इंजिनात साधारण ६ ते ७ किलोहर्ट्झला, आणि ब्लॉकमधून बाहेर येतो तो तुमचा आवाज. म्हणजे नॉकमध्ये ठिणगी आधी आणि गडबड नंतर.

प्री-इग्निशनमध्ये ठिणगी पडायच्या आधीच काहीतरी मिश्रण पेटवतं. लाल झालेला प्लगचा इलेक्ट्रोड, कार्बनचा धगधगता कण, एक्झॉस्ट व्हॉल्व्हची तापलेली कड, काहीही. पिस्टन अजून वर येतोय आणि वरून जाळ त्याला खाली रेटतोय. हा प्रकार जास्त घातक, यात पिस्टनला भोक पडतं, पिस्टनच्या रिंगांमधली पट्टी तुटते.

फरक एवढा धरून बसायचं कारण म्हणजे उपाय. नॉक आला की ब्लॉकवर बोल्टने आवळलेला पिझो सेन्सर (कंपनं ओळखणारा) तो ऐकतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, टायमिंग मागे घेतो, ठिणगी थोडी उशिरा पाडतो, मग हळूहळू पुन्हा पुढे आणून चाचपतो. प्री-इग्निशनमध्ये ठिणगीचा संबंधच राहिलेला नाही, मग टायमिंग कितीही मागे घ्या, काय उपयोग? आणि दोन्ही एकमेकांना जन्म देतात हे पण खरं. नॉक चालू राहिला तर प्लग आणि पिस्टनचा माथा तापतो, तापला की प्री-इग्निशन सुरू.

पानासाहेबांचं गिअरचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. कमी आरपीएमला पिस्टन सावकाश वर येतो, कडेच्या मिश्रणाला पेटायला वेळ मिळतो, वर टर्बोने हवा ठासलेली. आरपीएम वाढवला की तो वेळच मिळत नाही. पाय दाबल्या क्षणी किंचित टिकटिक होऊन थांबली तर ती सेन्सरला कळेपर्यंतची, चिंता नको. पण सतत वाजत असेल तर ईसीयूने मागे घेता येईल तेवढं घेऊन झालंय किंवा सेन्सर नीट ऐकत नाहीये.

वैतागराव
सगळं छान पण मूळ मुद्दा कोणी बोलत नाहीये. ई२० आल्यापासून सगळ्यांच्या गाड्या खराब चालतात. माझं अ‍ॅव्हरेज पडलं, गाडी ओढत नाही. ह्यांच्या आवाजाचं कारण पण तेच.

मिशिगनचा_मावळा
@वैतागराव, अ‍ॅव्हरेजचं मान्य. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी, त्यामुळे थोडं पडणारच. पण नॉकच्या बाबतीत इथेनॉल उलट मदत करतं. त्याचा ऑक्टेन, म्हणजे नॉक सहन करायची ऐपत, १०८ च्या आसपास, शिवाय वाफ होताना ते मिश्रणातली बरीच उष्णता खेचतं. डायरेक्ट इंजेक्शनला पेट्रोल सिलिंडरमध्येच फवारतात, त्यामुळे हा थंडावा थेट तिथेच मिळतो. तेव्हा ह्या गाडीच्या आवाजाला ई२० जबाबदार नाही.

पाना_बारा_तेरा
सायेब तुमच्या नव्या गाडीला लागू. माझ्याकडं कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्या येतात, त्यांना ऑक्सिजन सेन्सर नाही, ईसीयू नाही. इथेनॉलमुळं मिश्रण पातळ पडतं, म्हणजे हवा जास्त इंधन कमी, आणि कोण दुरुस्त करणार? पेट्रोल सोडणारा जेट तोच. इंजिन गरम धावतं आणि चढाला वाजतं. तेव्हा वैतागराव अगदीच चूक नाहीत.

मिशिगनचा_मावळा
हो, हे पटलं. पातळ मिश्रणाने तापणं हा वेगळा रस्ता आहे आणि तो खरा आहे.

वैतागराव
अगदीच चूक नाही, हे जपून ठेवतो. घरी वाचून दाखवणार.

जुनी_फियाट
वडिलांची प्रीमियर पद्मिनी आठवली. दादरहून शिवाजी पार्कला आलो की चावी काढायची आणि इंजिन आपलं चालूच, धड धड धड करत अंग झटकत राहायचं. ठिणगी बंद, तरी आतल्या तापलेल्या कार्बनवर पेटायचं. वडील गिअर टाकून, ब्रेकवर पाय घट्ट ठेवून क्लच हळूच सोडायचे, मग गप्प व्हायचं. वरचं प्री-इग्निशनचं वर्णन वाचून तेच डोळ्यांसमोर आलं.
तेव्हा पंपावर ८७ आणि ९३ असे दोन ऑक्टेन मिळायचे आणि पेट्रोलमध्ये शिसं असायचं. हे शिसं सुद्धा नॉकमुळेच आलं. डिसेंबर १९२१ मध्ये जनरल मोटर्सच्या ओहायोतल्या प्रयोगशाळेत थॉमस मिजलीने टेट्राएथिल लेड नॉक थांबवतं हे शोधलं आणि पुढची कित्येक दशकं जगभरच्या मुलांनी ते शिसं फुफ्फुसात घेतलं. आपल्याकडे १९९५ मध्ये चार महानगरांपासून शिसंविरहित पेट्रोल सुरू झालं आणि फेब्रुवारी २००० पासून देशभर तेच. अल्जीरियात तर २०२१ पर्यंत शिशाचं विकत होते. एका खडखडाटावरचा उपाय केवढ्याला पडला बघा, मला ह्याचा राग येतो अजून.

रानवाटा
आणि इथेनॉल नॉक थांबवतं हे त्याच लोकांना तेव्हाच माहीत होतं. पण त्याचं पेटंट घेता येत नव्हतं, टेट्राएथिल लेडचं येत होतं.

विदर्भवाला_भाऊ
भाऊ नागपूरची गोष्ट सांगतो. मे महिन्यात दुपारी ४५ डिग्री, सिग्नलवर एसीत पाच मिनिटं उभं राहा आणि उड्डाणपुलावर दुसऱ्यात गाडी दाबा, वाजलीच समजा. तीच गाडी डिसेंबरात चुप. मेकॅनिकला दाखवायला नेली की तो सकाळी दहाला चालवून बघते अन् म्हणते काहीच नाही. काहून असं?

मिशिगनचा_मावळा
आत येणारी हवा जेवढी गरम, तेवढं कडेचं मिश्रण पेटण्याच्या जवळ. सिग्नलवर बॉनेटखालची गरम हवाच आत जाते, टर्बोची हवा गार करणाऱ्या इंटरकूलरला वारा नाही. कोरड्या हवेनेही भर पडते, दमट हवेत नॉक कमी होतो. मेकॅनिकला दुपारी दोनला न्या आणि बाजूला बसवून तोच पूल चढा.

कोकणकन्या_७७
करूळ घाट चढताना आमच्या साध्या बिनटर्बोच्या गाडीला कधीच त्रास नाही. दमट हवेमुळे असेल का, आता कळलं.

चहाबाज
ते ९५ आणि १००चं पेट्रोल टाकायचं का नाही ते कोणीच सांगेना. माझ्या इकडे पंपवाला म्हणतो १०० टाकलं की गाडी पळते.

मिशिगनचा_मावळा
ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. एक बदलत्या कॉम्प्रेशनचं एका सिलिंडरचं ठरावीक इंजिन असतं, त्यात तुमचं इंधन आणि आयसो-ऑक्टेन व हेप्टेनचं मिश्रण यांचा नॉक ताडून बघतात. शुद्ध आयसो-ऑक्टेनला १००, हेप्टेनला ०. बस, नॉक सहन करायची ऐपत एवढाच अर्थ. तुमचं इंजिन साध्या पेट्रोलवर वाजत नसेल तर १०० टाकून काहीही मिळत नाही. वाजत असेल आणि ईसीयू टायमिंग मागे घेत बसला असेल, तर ९५ ने तो टायमिंग परत पुढे आणतो आणि गेलेली ओढ परत मिळते. टर्बोला उन्हाळ्यात हा फरक जाणवू शकतो. मूळ धागाकर्त्यांनी एक टाकी ९५ चालवून बघावी, पण उपाय म्हणून नाही, तपासणी म्हणून.
अमेरिकेत येणाऱ्यांसाठी: इथल्या पंपावर ८७ दिसलं तर दचकू नका. इथे दोन पद्धतींची सरासरी छापतात, ते भारतातल्या पद्धतीने मोजलं तर ९१ च्या जवळपास येतं. आणि कोलोरॅडोत उंचीवर तर साधं पेट्रोल ८५ चं मिळतं, कारण हवा विरळ.

बार्शीचा_ट्रकवाला
तुम्ही सगळे पेट्रोलवर बोलताय, आमच्या डिझेलचं पण ऐका. थंडीत पहाटे ट्रक चालू केला की पहिली काही मिनिटं खाडखाड वाजणार हे ठरलेलं, गरम झाला की गप. पण एक गाडी होती जुन्या पंपाची, ती गरम झाल्यावर पण वाजायची. लाईनवरच्या एका गॅरेजात पंप काढून बसवलेला, त्यानंतर सुरू झालं. पिकअप मात्र जबरी, ड्रायव्हर खूश. मी म्हटलं हे बरं लक्षण नाही. आमचे जुने मिस्त्री आले, कान लावून ऐकलं, म्हणाले पंप एक दात पुढं बसलाय. डिझेल वेळेआधी पडतंय. तोवर उशीर झालेला, एका पिस्टनचा माथा कडेनं खाल्लेला, बोट फिरवलं तर खडबडीत लागत होता. लायनर पिस्टन सगळं नवीन. दुसरं म्हणजे नोझल टपकत असला तरी असंच वाजतं, एक एक पाईप ढिला करून बघायचं, ज्या सिलिंडरला आवाज जातो तो नोझल टेस्टिंगला पाठवायचा. पण हे जुन्या पंपालाच. कॉमन रेलचा, म्हणजे नव्या डिझेल गाडीतला जास्त प्रेशरचा पाईप चालू गाडीत चुकून पण ढिला करू नका, ते प्रेशर हाताच्या आरपार जातं.

मिशिगनचा_मावळा
दादा, शेवटची सूचना सोन्यासारखी आहे. कॉमन रेलमध्ये हजार बारच्या वर प्रेशर असतं.
डिझेलचा नॉक पेट्रोलच्या बरोबर उलटा. पेट्रोल आपणहून पेटू नये अशी धडपड, डिझेल लवकर आपणहून पेटावं अशी. फवारा सुरू झाल्यापासून पेट घेईपर्यंत जो उशीर लागतो त्यात डिझेल साठत जातं, मग सगळं एकदम पेटतं, तोच खाडखाड आवाज. इंजिन गार असलं की उशीर वाढतो. पंप पुढे बसला तर हवा पुरेशी दाबली-तापली जायच्या आधीच फवारा येतो, म्हणून तिथेही वाढतो. डिझेलला म्हणून ऑक्टेन नाही, सीटेन मोजतात, म्हणजे किती पटकन आपणहून पेटतं ते, बीएस६ ला किमान ५१. आणि कॉमन रेलच्या गाड्या गप्प असतात कारण मुख्य फवाऱ्याआधी एक चिमूटभर डिझेल सोडून आधीच जाळ तयार ठेवतात.

कोकणकन्या_७७
म्हणजे पेट्रोलच्या गाडीत चुकून डिझेल पडलं तर ऑक्टेन धाडकन खाली?

पाना_बारा_तेरा
व्हय. थोडं पडलं तरी वाजणार आणि धूर सोडणार. रॉकेल मिसळलेल्या पेट्रोलला पण तेच. चालू करूच नका, टाकी रिकामी करा.

तेलपाणी
एकच मोठा ठाक, ह्यावर कोणी फारसं बोललं नाही. मी वंगणांच्या क्षेत्रात आहे. छोट्या टर्बो डायरेक्ट इंजेक्शन इंजिनात एक खास प्रकार आहे, कमी आरपीएमवरचं प्री-इग्निशन. साधारण १५०० ते २५०० आरपीएम आणि जवळजवळ पूर्ण लोड, म्हणजे बरोबर तुमचा खंबाटकीतला चौथा गिअर. फवाऱ्याचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवर बसतं, तिथल्या ऑइलमध्ये मिसळतं, त्याचा थेंब रिंगेजवळच्या फटीतून उडतो आणि ठिणगीच्या आधी पेटतो. कार्बनचा सुटा कण पण हे करू शकतो. दाब २०० बारच्या वर जाऊ शकतो. असं सतत होत नाही, मधूनच होतं, आणि एखाददुसऱ्या दणक्यात पण पिस्टनच्या रिंगांमधली पट्टी तुटू शकते.
ऑइलचा ह्याच्याशी थेट संबंध आहे. ऑइलमध्ये सफाईसाठी कॅल्शियमची जी संयुगं घालतात ती जास्त असली तर हा प्रकार वाढतो, मॅग्नेशियमची असली तर कमी. म्हणून २०१८ मध्ये एपीआय (अमेरिकेतली पेट्रोलियम संस्था) एसएन प्लस आणि २०२० मध्ये एपीआय एसपी हे दर्जे आले, त्यात ह्याचीच चाचणी आहे. डब्यामागे एसपी लिहिलंय का बघा. आणि कृपया, गॅरेजमध्ये मोठ्या ड्रममधलं डिझेल इंजिनाचं ऑइल टर्बो पेट्रोल गाडीत ओतू देऊ नका. ते वाईट ऑइल नाही, पण त्यात कॅल्शियम भरपूर असू शकतं आणि ते ह्या इंजिनासाठी बनलेलं नाही.

पाना_बारा_तेरा
ड्रमचं ऑइल आमच्या लाईनला सर्रास चालतं. हे कॅल्शियमचं पोरांना सांगतो उद्याच. आणि डायरेक्ट इंजेक्शनला इनटेक व्हॉल्व्हवर कार्बन चढतो कारण पेट्रोल त्यावरून जातच नाही, धुतलं जात नाही. आता मोठ्या शहरांत अक्रोडाच्या टरफलाचा भुसा हवेनं मारून साफ करतात.

चहाबाज
अक्रोड! आमच्या वेळी इंजिनाला नुसतं ऑइल पुरायचं.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे आभार, आता इकडचं सांगतो. बाहेरच्या एका गॅरेजात प्लग बदलून घेतले होते, ते काढून बघितले. पांढऱ्या चिनी मातीवर बारीक काळे ठिपके आणि मधे मधे चमकणारे कण, मिठाच्या कणापेक्षा बारीक. एका प्लगची मातीच फोड आल्यासारखी. आणि नंबर मॅन्युअलमधल्याशी जुळत नाही, कंपनी पण वेगळी आहे. फोटो टाकलेत.

पाना_बारा_तेरा
सापडलं. चमकणारे कण म्हणजे पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम, नॉकनं सुटून प्लगवर चिकटलेलं. आणि हा प्लग गरम रेंजचा आहे, म्हणजे उष्णता हेडला सावकाश देतो आणि स्वतः तापून राहतो. इथंच लई जणं फसतात. एनजीकेचा नंबर वाढला की प्लग थंड होत जातो, बॉश आणि चॅम्पियनचा वाढला की गरम. एकाचा नंबर बघून दुसऱ्याचा घेतला की झाला घोटाळा. मॅन्युअलचाच घ्या, आणि टॉर्क पाना लावूनच आवळा. ढिला प्लग हेडला उष्णता देत नाही, तो पण लाल होतो. जाता जाता नॉक सेन्सरचा बोल्ट पण बघा, सेन्सरवर २० न्यूटन मीटरच्या आसपास असतो, तुमच्या गाडीचा मॅन्युअलमधून घ्या. ढिला असला तर सेन्सर बहिरा.

मिशिगनचा_मावळा
अ‍ॅल्युमिनियम दिसतंय म्हणजे "टर्बोत असं असतंच" हे उत्तर बाद. नवीन प्लग टाकायच्या आधी प्लगच्या भोकातून बोअरस्कोप (बारीक कॅमेरा) घालून पिस्टनचा माथा बघून घ्या आणि तिन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा. रिंगेची पट्टी तुटली असेल तर त्या सिलिंडरचा आकडा बाकीच्यांपेक्षा स्पष्ट खाली येईल.

कृष्णाकाठ
अपडेट. पाना साहेबांच्या ओळखीच्या गॅरेजात साताऱ्यातच सगळं करून घेतलं. कॉम्प्रेशन तिन्हींचं जवळजवळ सारखं. एका पिस्टनच्या कडेला माथा किंचित खरवडलेला दिसला, पण तडा नाही. मॅन्युअलमधले प्लग, एसपी दर्जाचं ऑइल. सेन्सरचा बोल्ट ठीक होता. काल मुद्दाम दुपारच्या उन्हात, घरातल्या सगळ्यांना घेऊन, खंबाटकी तिसऱ्यात चढलो. एकदाही वाजली नाही, पेट्रोल साधंच होतं. चौथ्यात मुद्दाम दाबून बघितलं नाही आणि बघणारही नाही.

तेलपाणी
उत्तम. पुढचं ऑइल मुदतीच्या जरा आधीच बदला. छोट्या फेऱ्यांत पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ होतं.

विदर्भवाला_भाऊ
माझे पण प्लग काढतो उद्या. गाडी ऑटोमॅटिक आहे, त्यात गिअर कसा पाडायचा चढावर?

पाना_बारा_तेरा
मॅन्युअल मोड असला तर लिव्हर त्यात टाका आणि वजा दाबा. नसला तर एस किंवा एल. तेही नसेल तर अर्धवट पाय दाबून रेंगाळू नका, एकदा खोल दाबा, गाडी स्वतःच गिअर पाडते, मग पाय थोडा सैल करा. प्लगचा फोटो टाका, नंबर दिसेल असा.